किती ओढतो, त्याआधी कशासाठी ओढतो

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या बॅगेत रोलिंग पेपरचं पाकीट किंवा हिरव्या चुऱ्याची पुडी सापडली, की घरात प्रश्नांची जी सरबत्ती सुरू होते तिचा थाट बहुधा पोलीस चौकीतला असतो. कधीपासून ओढतोस? कुणी लावलं? पैसे कुठून आणलेस? या प्रश्नांना खरी उत्तरं मिळत नाहीत आणि मिळाली तरी त्यांतून पुढे काय करायचं ते कळत नाही. ज्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचं बरंच अवलंबून असतं, तो रागाच्या भरात राहून जातो किंवा शिवीसारखा विचारला जातो: कशासाठी? मुलगा गांजा ओढतो हे कळल्यावर पालकांनी, शिक्षकांनी आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांनी या प्रश्नापासून सुरुवात करावी, असं माझं म्हणणं आहे. त्याला मायेपेक्षा पुराव्याचा आधार जास्त आहे. (मुलगा म्हणतो आहे ते लिहिण्याच्या सोयीसाठी. मुलीही ओढतात, आणि त्यांच्या बाबतीत घरचा पहिला भडका आणखी मोठा असतो, त्यामुळे त्या जास्त लपवतात.)

आधी प्रमाणाचं भान ठेवू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातल्या २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख भारतीयांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही ना काही घेतलं होतं. भांग बाजूला ठेवली तर गांजा-चरस घेणारे १.२ टक्क्यांच्या आसपास होते. हा सगळ्या देशाचा सरासरी आकडा आहे, त्यात पाचवीतली पोरं आणि सत्तरीतल्या आज्याही आल्या. कॉलेजच्या वयात, त्यातही मोठ्या शहरांतल्या वसतिगृहांत आणि कॉट बेसिसच्या खोल्यांत, तो जास्त असणार असं मानायला जागा आहे. पण कितीही वाढवून धरला, तरी ‘हल्ली सगळेच ओढतात’ हे वाक्य खरं ठरणं कठीण आहे.

या वाक्याकडे मात्र बारकाईने पाहायला हवं, कारण ते वर्णन म्हणून खोटं असलं तरी कारण म्हणून फार प्रभावी आहे. जेसन किल्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन तृतीयांश विद्यार्थ्यांनी स्वतः गांजाला हात लावलेला नव्हता, पण ९८ टक्के जणांची समजूत अशी होती, की सर्वसाधारण विद्यार्थी वर्षातून निदान एकदा तरी ओढतोच. न ओढणारा मोठा गट स्वतःलाच अपवाद समजत होता. हे आपल्याकडेही ओळखीचं वाटेल. ओढणारे चार जण गच्चीवर बसतात, त्यांच्या गोष्टी होतात, रील होतात. खोलीत मेसचा डबा खाऊन झोपणाऱ्या चाळीस जणांची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात या वयाची एक खोड भर घालते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ च्या प्रयोगात ३०६ जणांना संगणकावरचा गाडी चालवण्याचा खेळ दिला. काही जण एकटे खेळले, काहींच्या शेजारी त्यांच्या वयाचे सोबती बसवले. सोबती शेजारी असताना १८ ते २२ या वयोगटातल्यांनी एकटं खेळणाऱ्यांपेक्षा जास्त धोके पत्करले. चोविशी ओलांडलेल्यांवर या सोबतीचा फारसा परिणाम झाला नाही. एकट्याने कधी पेटवली नसती अशी पहिली काडी चौघांत पेटते, ती अशी.

म्हणूनच व्यसनविरोधी दिनाला, २६ जूनला, कॉलेजातून निघणाऱ्या फेऱ्या आणि ‘तरुणाई नशेच्या विळख्यात’ छापाची पोस्टरं यांबद्दल मला शंका आहे. अमेरिकी सरकारने १९९८ ते २००४ या काळात सुमारे एक अब्ज डॉलर खर्चाची जाहिरात मोहीम किशोरवयीन मुलांसाठी चालवली. रॉबर्ट हॉर्निक यांच्या गटाने २००८ मध्ये तिचं मूल्यमापन प्रसिद्ध केलं. बहुतेक कसोट्यांवर परिणाम शून्य होता आणि काही कसोट्यांवर तर उलटा. या उलट्या परिणामाचं एक संभाव्य स्पष्टीकरण असं दिलं गेलं, की इतक्या जाहिराती पाहून मुलांना वाटलं, सगळेच ओढत असले पाहिजेत. शिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या स्वागत समारंभात न ओढणाऱ्यांची बहुसंख्या आहे एवढी साधी, खरी गोष्ट आकड्यांसकट सांगितली, तर तिचा उपयोग कवटीच्या चित्रापेक्षा जास्त होईल.

पहिला झुरका सहसा असा संगतीने, कुतूहलाने घेतला जातो. पण काही मुलं तिथेच थांबतात, काही सणासुदीला ओढतात आणि काही वर्षभरात रोजची होतात. हा फरक समजून घ्यायला १९९८ मधलं एक काम अजूनही कामाला येतं. जेफ्री सायमन्स आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना गांजा ओढण्याची कारणं विचारून त्यांचे पाच गट केले: मजा वाढवणं, चारचौघांत रंगत आणणं, गटातून वगळलं जाऊ नये म्हणून मान तुकवणं, जाणिवा रुंदावणं आणि मनाला होणारा त्रास दाबणं. सर्वांत जास्त विद्यार्थी मौजेचं आणि रंगतीचं कारण सांगतात. पुढच्या अनेक अभ्यासांत मात्र असं दिसत गेलं, की ओढण्याचं प्रमाण सारखं असलं तरी त्रास दाबण्यासाठी ओढणाऱ्यांच्या वाट्याला अडचणी जास्त येतात. अभ्यास मागे पडणं, भांडणं, सोडावंसं वाटूनही न सुटणं या सगळ्या त्या अडचणी. ‘किती’ला महत्त्व आहेच, रोज ओढणं हे केव्हाही वाईट लक्षण. पण मुलगा रोजच्यावर का गेला, याचं उत्तर बहुतेक वेळा या पाचव्या कारणात सापडतं.

हे पाचवं कारण फसवं आहे, कारण ते सुरुवातीला खरंच काम करतं. शिकागोत २०१७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना गांजातल्या नशा आणणाऱ्या टीएचसी या घटकाची कॅप्सूल दिली आणि मग अनोळखी परीक्षकांसमोर मुलाखत द्यायला, तोंडी गणितं करायला लावलं. साडेसात मिलिग्रॅम घेतलेल्यांना रिकामी कॅप्सूल घेतलेल्यांपेक्षा ताण कमी जाणवला. साडेबारा मिलिग्रॅम घेतलेल्यांची अस्वस्थता मात्र वाढली. थोड्याने उतरणारी भीती जरा जास्तीने चढते, आणि टपरीमागे मिळालेल्या पुडीवर मिलिग्रॅम छापलेले नसतात. कॅरी कटलर यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात औषध म्हणून गांजा घेणाऱ्यांनी मोबाइल ॲपवर प्रत्येक वेळच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ठेवल्या होत्या. बहुतेक वेळा ताण, चिंता, उदासी उतरल्याचं त्यांनी नोंदवलं. पण त्याच नोंदी काळाच्या क्रमाने पाहिल्या तर नैराश्याची मूळ पातळी हळूहळू वर सरकत होती. प्रत्येक संध्याकाळ सुटत होती आणि महिना बिघडत होता.

आता हे आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या दिवसात बसवून पाहा. तालुक्याच्या गावातून मराठी माध्यमातून शिकून पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंगला आलेला मुलगा. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले, व्हायव्हाला इंग्रजीत वाक्य जुळेना, वायडी बसेल, म्हणजे वर्ष वाया जाईल, की काय ही धास्ती, आणि घरी फोनवर ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणायचं. अशा मुलाला गांजाच्या कोंडाळ्यात इंग्रजी यावं लागत नाही. गप्प बसलं तरी चालतं, नव्हे गप्प बसणारा तिथे शहाणा समजला जातो. चारचौघांची भीती बाळगणाऱ्या तरुणांना गांजाच्या अडचणी इतरांपेक्षा जास्त येतात, हे ज्युलिया बक्नर यांच्या संशोधनातून वारंवार पुढे आलं आहे. त्याचं कारण या प्रसंगात दिसतं: ज्या भीतीला रोज थोडंथोडं तोंड देऊन ती कमी व्हायची, तिला तोंड देण्याची गरजच संध्याकाळी सात वाजता संपून जाते. मुलाला वाटतं आपण भीतीवर उपाय शोधला. भीती तितकीच राहते, आणि तिच्याशी झुंजण्याची सवय तेवढी मोडते.

सोडायचा प्रयत्न केला की गैरसमज आणखी पक्का होतो. रोज ओढणाऱ्याने गांजा बंद केला की दोन-तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, भूक मंदावणं, झोप उडणं, भडक स्वप्नं हे सुरू होतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ च्या आपल्या निदानसूचीत हा लक्षणसमूह स्वतंत्र विकार म्हणून नोंदवला. पहिला आठवडा सर्वांत जड जातो आणि बहुतेक लक्षणं दोन आठवड्यांत ओसरतात. झोप रुळायला कधी महिना लागतो. मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तिसऱ्या रात्री छताकडे बघत तो निष्कर्ष काढतो, की आपल्याला मुळातच चिंतेचा त्रास आहे आणि गांजा हेच त्यावरचं औषध. शिवाय आपल्याकडे जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळण्याची रीत आहे, त्यामुळे गांजा सुटतो तेव्हा निकोटिनही तुटतं आणि त्याचा त्रासही गांजाच्याच खात्यावर जमा होतो.

उरलेल्या कारणांना एवढी जागा द्यायची गरज नाही. मजेसाठी ओढणारा बहुधा दुसरी मजा मिळाली की कमी करतो. कल्पकतेसाठी ओढणाऱ्यांना, विशेषतः चित्रकला, आर्किटेक्चर, नाटक-सिनेमाकडच्या मुलांना, नेदरलँड्समधला २०१५ चा एक प्रयोग सांगावा: नियमित ओढणाऱ्यांना टीएचसीची मोठी मात्रा दिल्यावर नवनव्या कल्पना सुचवण्याच्या चाचणीत ते मागे पडले, आणि लहान मात्रेनेही काही फायदा झाला नाही. नशेत सुचलेलं भारी वाटतं, कारण भारी-हलकं ठरवणारा परीक्षकही त्या वेळी नशेतच असतो.

यावर घेतले जाणारे आक्षेप ऐकण्यासारखे आहेत, आणि मुलं ते पालकांपेक्षा नेटकेपणाने मांडतात. पहिला परंपरेचा. महाशिवरात्रीला भांग चालते, साधूंची चिलीम चालते, इंग्रजांनी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगानेही माफक सेवनाला निर्दोष ठरवलं, मग आम्हीच काय घोडं मारलं? आयोगाचा अहवाल खरा आहे आणि तो आजही वाचनीय आहे. पण त्यानेही अतिरेकी सेवन घातकच मानलं होतं. सणाच्या भांगेला दिवस ठरलेला होता, सोबत घर होतं, आणि दुसऱ्या दिवशी ती नव्हती. रात्री दोन वाजता, एकट्याने, झोप यावी म्हणून ओढलेल्या जॉइंटला त्या परंपरेचा दाखला देता येत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा: कॅनडाने २०१८ मध्ये परवानगी दिली, म्हणजे ते निरुपद्रवीच असणार. कॅनडाच्या प्रांतांनी किमान वय १८ किंवा १९ ठेवलं आणि क्वेबेकने २०२० मध्ये ते २१ वर नेलं, यावरूनच कोवळ्या वयाची काळजी त्यांनाही आहे हे दिसतं. आपल्याकडे गांजा बाळगणं आणि ओढणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेला शिकायला निघालेल्यांनी तर लक्षात ठेवावं, की एखाद्या राज्यात गांजाचं दुकान उघडं असलं तरी तिथल्या केंद्रीय कायद्यात तो निषिद्ध आहे आणि परदेशी विद्यार्थ्याच्या व्हिसाला त्याची झळ बसू शकते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: ‘गांजाचं व्यसन लागत नाही.’ पालकांनी इथे अतिशयोक्ती करू नये, पकडले जाल. १९९४ मधल्या एका गाजलेल्या अमेरिकी पाहणीत, एकदा तरी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के पुढे त्याच्या आहारी गेले. दारूत हे प्रमाण १५ टक्के आणि तंबाखूत ३२ टक्के होतं. म्हणजे दहांतल्या नऊ जणांच्या बाबतीत मुलाचं म्हणणं बरोबर आहे. पण दहावा मी नाही हे त्याला कसं कळलं, एवढं विचारा. विशीच्या आत सुरुवात, रोजचं सेवन आणि त्रास दाबण्याचं कारण हे तिन्ही जुळत असतील, तर दहावा तो असण्याची शक्यता वाढते. शिवाय व्यसन हा एकच धोका नाही. युरोपातल्या अनेक शहरांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज ओढणाऱ्यांमध्ये भ्रम-भास होणाऱ्या मनोविकाराची शक्यता न ओढणाऱ्यांच्या तिप्पट आढळली, आणि जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांमध्ये जवळजवळ पाचपट. घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर ती गोष्ट मुलापासून लपवू नका. ती त्याच्या उपयोगाची माहिती आहे.

चौथा आक्षेप माझ्या मुद्द्यावरच येतो. उदासीमुळे गांजा की गांजामुळे उदासी, हे कुठे ठरलं आहे? ते ठरलेलं नाही, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत दोन्ही एकमेकांना पोसत असतात. पण मदत करायला आधी कोण आलं हे ठरवावं लागत नाही. नुसता गांजा बंद करून चिंता तशीच ठेवली तर गांजा परत येतो, आणि नुसती चिंतेची गोळी देऊन गांजा चालू ठेवला तर गोळीचा गुण कळत नाही. दोन्ही एकाच वेळी हाताळावं लागतं. ‘असं विचारत बसलात तर पोरं डोक्यावर बसतील, धाकच हवा’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की धाकाने ओढणं थांबल्याचं दिसतं तेव्हा बहुधा ते गच्चीवरून बंद खोलीत गेलेलं असतं. एकट्याने ओढणं हे चौघांत ओढण्यापेक्षा अधिक काळजीचं लक्षण आहे. वसतिगृहातून काढून टाकण्याची शिक्षाही बऱ्याचदा मुलाला त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेवटच्या माणसांपासून तोडते.

मग बोलायचं कसं? तो नशेत असताना किंवा तुम्ही संतापात असताना नको. दुसऱ्या दिवशी, शक्यतो गाडीत किंवा फिरताना, समोरासमोर डोळ्यांत न बघता बोललेलं सोपं जातं. पहिला प्रश्न असा विचारा: ‘त्यातून तुला काय मिळतं?’ उत्तर मध्येच तोडू नका, ‘झोप लागते’, ‘डोकं शांत होतं’ हे शब्द आले तर तेच तुमचं निदान आहे. मग विचारा, ‘आणि काय आवडत नाही?’ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि आज जगभर व्यसनोपचारात वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा गाभा हाच आहे: बदलाची कारणं समुपदेशकाने सांगायची नाहीत, ओढणाऱ्याच्या तोंडून येऊ द्यायची. पुढची पावलं कारणानुसार ठरतात. संगतीसाठी ओढणाऱ्याला खोली, गट, संध्याकाळची वेळ बदलायला मदत हवी, मग ते ढोल-ताशा पथक असो की ट्रेकिंग की पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेची तालीम. मान तुकवणाऱ्याला नकार द्यायला एक तयार वाक्य हवं. ‘मला सोसत नाही’ इतकं पुरतं, त्यावर वाद होत नाही. त्रास दाबणाऱ्याला मात्र छंद लावून भागत नाही, त्याच्या भीतीवर किंवा झोपेवर उपचार लागतात. वाचणारा स्वतः विद्यार्थी असेल, तर त्याने दोन आठवडे पेटवण्याआधी फक्त एक ओळ लिहावी, गेल्या अर्ध्या तासात काय झालं. बहुतेक ओळींत ‘मित्र आले’ असेल तर एक गोष्ट, ‘मार्क लागले’, ‘घरचा फोन’, ‘झोप येत नाही’ असेल तर दुसरी.

बंद करायचा दिवस परीक्षेच्या तोंडावर धरू नका, सत्र संपल्यावरचे दोन आठवडे त्यासाठी मोकळे ठेवा. त्या काळात दुपारनंतरचा चहा-कॉफी टाळावी, उठण्याची वेळ पक्की ठेवावी आणि चिडचिडीला घरच्यांनी उद्धटपणा समजू नये. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, आवाज ऐकू येतात, असं मुलगा म्हणू लागला किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर समजूत घालत बसू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठा. एरवी सुरुवात सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात करता येते. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो आणि १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. पोलिसांत कळेल या भीतीने थांबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, आणि थोड्या मालासह किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पहिल्या भेटीला जाताना सुरुवातीचं वय, तंबाखूचं प्रमाण, झोपेच्या वेळा आणि घरातल्या मानसिक आजारांची माहिती लिहून न्या, आणि डॉक्टरांशी पहिली वीस मिनिटं मुलाला एकट्याला बोलू द्या.